आयआरवाला कंपनीत नेमकं करतो काय

गावाकडं कुठल्याही लग्नात गेलो की पंगतीत एक प्रश्न ठरलेला, "कंपनीत काय असतं तुझ्याकडं?" मी "आयआर बघतो" म्हणलं की समोरचे काका जरा थांबतात, भातावर वरण ओतून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे एचआरच ना, मग आमच्या पोराला लाव की, आयटीआय झालाय." भरती माझ्याकडं नाही हे सांगून भागत नाही, कारण मग माझ्याकडं काय आहे ते सांगावं लागतं आणि ते पंगतीत होत नाही, वाढपी पुढं सरकतो. म्हणून एकदाच निवांत लिहितोय.

आयआर म्हणजे इंडस्ट्रियल रिलेशन्स. हल्ली जाहिरातीत एम्प्लॉई रिलेशन्स मॅनेजर असं लिहितात, जरा गुळगुळीत वाटतं म्हणून, काम तेच. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर असल्या ठिकाणच्या एकेका मोठ्या कारखान्यात दोन-अडीच हजार माणसं तीन शिफ्टमध्ये काम करतात, त्यात परमनंट असतात, ट्रेनी असतात, अप्रेंटिस असतात आणि ठेकेदाराची माणसं असतात. या सगळ्यांचा पगार हजेरीवर चालतो, पंच केलं तर पैसे, खाडा झाला तर नाही. या माणसांचं कंपनीशी जिथं जिथं घासतं तिथं मधे उभं राहणारा माणूस म्हणजे आयआरवाला. कंपनीला वाटतं हा युनियनचा, युनियनला वाटतं हा कंपनीचा. दोघांना एकदमच तसं वाटत असेल तर समजायचं की गडी बरा चाललाय.

आता ऑफिसात बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट पटकन कळत नाही, ती म्हणजे तासाची किंमत. हिशोबाला सोपा आकडा घेऊ. समजा एका ऑपरेटरचा महिन्याचा पगार २०,८०० रुपये. २६ दिवसांनी भागा, रोजचे ८०० झाले. आठ तासांची शिफ्ट, म्हणजे तासाला १००. आता हा माणूस पंधरा मिनिटं उशिरा आला, बस पंक्चर झाली समजा. त्याने न केलेल्या कामाची किंमत २५ रुपये. पण बऱ्याच ठिकाणी टाईम ऑफिसचं सॉफ्टवेअर असं सेट केलेलं असतं की दहा मिनिटांच्या वर गेलं की अर्धा दिवस कट, म्हणजे ४०० रुपये. मॅनेजरच्या डोक्यात असतं "शिस्त लागली पाहिजे", कामगाराच्या डोक्यात असतं ३७५ रुपये. आणि कायदा इथं कामगाराच्या बाजूने आहे, गैरहजेरीची कपात जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात करता येते, हे १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टपासून चालत आलंय आणि नवीन वेज कोडातही, म्हणजे पगाराच्या नव्या केंद्रीय कायद्यातही, तसंच आहे. शिस्त लावायची तर वॉर्निंग द्या, चार्जशीट म्हणजे लेखी आरोपपत्र द्या, पगारातून परस्पर दंड कापू नका. याला अपवाद एकच, दहा किंवा जास्त माणसं ठरवून, नोटीस न देता, कारण नसताना एकदम गैरहजर राहिली तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. हा अपवाद मॅनेजर लोकांना बरोब्बर पाठ असतो, मूळ नियम मात्र नसतो!

ओटीचं पण तसंच. कायद्याने ओव्हरटाईम दुप्पट दराने, म्हणजे आपल्या ऑपरेटरला तासाला २००. भांडण दुप्पट देण्यावरून होत नाही, ते होतं "कशाच्या" दुप्पट यावरून. जुन्या फॅक्टरीज ॲक्टातला शब्द साधारण असा होता की नेहमीचा दर, म्हणजे बेसिक आणि भत्ते धरून, पण कंपन्या वर्षानुवर्षं बेसिकच्या दुप्पट देत आल्यात आणि बेसिक मुद्दाम छोटं ठेवलेलं असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे २९ जुने कायदे गुंडाळून चार लेबर कोड लागू झाले, त्यात पगाराची व्याख्याच अशी केलीये की भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच धरायचा. म्हणजे बेसिक बारीक ठेवून पीएफ, ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती आता अवघड झालीये. पेरोलवाल्यांची झोप त्यानेच उडाली, बाकी सगळ्यांना वाटलं पीएफ वाढून हातातला पगार कमी होणार आणि नोटीस बोर्डापाशी ही गर्दी. त्या आठवड्यात मी दिवसातून वीस वेळा तोच हिशोब कागदावर काढून दाखवला असेल.

खाड्यांचं सांगतो, कारण वरच्या लोकांना एवढा एकच आकडा रोज सकाळी हवा असतो. ॲबसेंटी किती? लाईनवर ४० माणसं लागतात आणि ३४ आली तर लाईन ८५ टक्के चालत नाही, काही स्टेशनं अशी असतात की तिथला माणूस नसला तर लाईनच उभी. मग सुपरवायझर दुसरीकडनं माणूस ओढतो, नाहीतर सुटत असलेल्या शिफ्टच्या माणसाला "थांब रे जरा" म्हणतो, तो थांबतो, दुसऱ्या दिवशी तो थकून खाडा करतो, असं ते चक्र. बाहेरून आलेले मोठे साहेब म्हणतात की ही बेशिस्त आहे. अरे, कॅलेंडर बघा ना आधी. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात आणि आमच्या एका शॉपमधली, म्हणजे कारखान्यातल्या एका विभागातली, अर्धी पोरं दोन शेजारशेजारच्या गावांतली आहेत, पालखी निघाली की लाईन रिकामी. सोयाबीन काढणीला मराठवाड्याची पोरं जातात, छटला बिहारची, लग्नसराईला सगळीच. गणपतीचं तर बोलायलाच नको. हे सगळं आधीपासून माहीत असतं, मग मार्चमध्येच सुपरवायझरला घेऊन बसायचं, कुणाची यात्रा कधी ते लिहून घ्यायचं, निम्म्यांना आधी सोडायचं, निम्म्यांना नंतर, आणि रजा मंजूर करून द्यायची. मंजूर रजा आणि खाडा यात कंपनीला माणूस तर दोन्हीकडं नसतोच, पण एकात तुम्हाला आधी कळलेलं असतं आणि दुसऱ्यात सकाळी पावणेसातला कळतं. एवढाच फरक, पण सगळा खेळ त्यातच आहे.

आता मुख्य भाग, शिस्तीची कारवाई. इथं लोकांचा असा समज असतो की खासगी कंपनी आहे, काढला म्हणजे काढला. ऑफिसातल्या स्टाफला तसं करतात पण लाईनवरचा परमनंट कामगार तसा काढता येत नाही. प्रत्येक मोठ्या कारखान्याला स्टँडिंग ऑर्डर्स असतात, म्हणजे कंपनीचं छोटं संविधान समजा, गैरवर्तन कशाला म्हणायचं, रजा कशी मागायची, शिक्षा कुठल्या, हे सगळं त्यात लिहिलेलं. १९४६ चा कायदा होता, आता तो इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडात गेलाय आणि कोडात ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांपुरतीच त्याची सक्ती ठेवलीये. शिक्षा करायची तर आधी चौकशी, डोमेस्टिक एन्क्वायरी म्हणतात तिला.

माझ्याकडचीच एक केस सांगतो, कुठली कंपनी ते राहू द्या. नाईट शिफ्ट, पहाटेचे साडेतीन वाजलेले. एक ऑपरेटर मशीनच्या मागं पुठ्ठा टाकून झोपलेला सापडला. सुपरवायझर तरुण, डिप्लोमा करून दोन वर्षं झालेली. त्याने उठवलं नाही, मोबाईल काढला, फोटो घेतला आणि शॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली हसायची इमोजी. सकाळी सातला फर्स्ट शिफ्टने तो फोटो बघितला, आठला प्लांट हेडने बघितला आणि मला फोन, "आजच्या आज काढा याला." साडेआठला युनियनची कमिटी माझ्या दारात. त्यांचं म्हणणं झोपण्याबद्दल नव्हतंच, ते म्हणाले, साहेब, माणसाच्या पोराने बापाचा तो फोटो बघितला, त्याच्या गावातला एकजण त्या ग्रुपवर आहे.

म्हणजे बघा, साडेतीनला जे एका माणसाचं गैरवर्तन होतं ते साडेआठला अडीच हजार माणसांच्या इज्जतीचं प्रकरण झालं. पाच तासांत. झोपेने नाही झालं ते, फोटोने झालं.

आता कारवाईचा रस्ता असा असतो. पहिलं म्हणजे सुपरवायझरकडून लेखी रिपोर्ट, त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत. मग चार्जशीट, त्यात तारीख, वेळ, मशीन नंबर आणि स्टँडिंग ऑर्डरचं कलम, सगळं स्पष्ट, आणि ते त्याला कळेल अशा भाषेत. इंग्रजीत चार्जशीट देऊन पुढे कोर्टात तोंडावर आपटलेले साहेब मी बघितलेत. मग त्याचा खुलासा येतो. प्रकरण गंभीर असेल, मारामारी वगैरे, तर चौकशी होईपर्यंत सस्पेंड करता येतं, पण सस्पेंड म्हणजे पगार बंद नाही, पहिले ९० दिवस निम्मा आणि उशीर कामगारामुळं नसेल तर त्यानंतर पाऊण द्यावा लागतो. नवीन कोडात चौकशीही शक्यतो ९० दिवसांत संपवायची असं म्हणलंय. मग चौकशी अधिकारी नेमायचा, तो बहुतेक वेळा बाहेरचा वकील असतो, कंपनीचा एक प्रतिनिधी आणि कामगाराच्या बाजूने त्याचा सहकारी किंवा युनियनचा माणूस. कंपनीचे साक्षीदार आधी, त्यांची उलटतपासणी करायचा कामगाराला हक्क, मग त्याचे साक्षीदार. प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या सह्या. शेवटी अधिकारी सांगतो की आरोप सिद्ध झाला का नाही. तो शिक्षा सांगत नाही, शिक्षा कंपनी ठरवते आणि ठरवताना त्याचं मागचं रेकॉर्ड बघावं लागतं.

हे सगळं वेळखाऊ वाटतं, आणि आहेच. पण शॉर्टकट मारला तर लेबर कोर्ट म्हणतं चौकशीच सदोष, आता इथं नव्याने पुरावा द्या. तोवर चार-पाच वर्षं गेलेली असतात, सुपरवायझर नोकरी सोडून हैदराबादला, फोटो कुठल्या मोबाईलमध्ये होता कुणाला माहीत. शिवाय शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त वाटली तर ती कमी करायचा अधिकार कोर्टाला आहेच. माणूस परत कामावर, मागच्या पगारासकट. मी प्लांट हेडना हेच समजावतो की चौकशी ही कामगारावर उपकार म्हणून करत नाही, उद्या तुम्हाला कोणी विचारलं तर दाखवायला कागद लागतो म्हणून करतो. हे कारण त्यांना पटतं. खरं कारण दुसरं आहे, दाराबाहेर उभी असलेली माणसं बघत असतात की याला विचारलं का, याचं ऐकलं का. ते मी सांगत बसत नाही.

त्या दिवशी मी ग्रुपवरचा फोटो आधी डिलीट करायला लावला आणि दोन कागद काढले. एक ऑपरेटरला चार्जशीट, झोपल्याबद्दल. दुसरा सुपरवायझरला कारणे दाखवा, फोटो टाकल्याबद्दल. दुसऱ्या कागदावरून प्रॉडक्शनवाले माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते.

असं छोट्याचं मोठं कसं होतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे हरियाणातलं मानेसर. मारुतीच्या प्लांटमध्ये १८ जुलै २०१२ ला एका सुपरवायझर आणि कामगाराची वादावादी झाली. कामगार म्हणत होते सुपरवायझर जातीवरून बोलला, कंपनी म्हणत होती कामगाराने हात उचलला. कामगाराला सस्पेंड केलं आणि संध्याकाळपर्यंत दंगल होऊन आग लागली, त्यात एचआरचे जनरल मॅनेजर गेले. मार्च २०१७ मध्ये निकाल लागला, १३ जणांना जन्मठेप आणि ११७ जण निर्दोष, त्यातले कितीतरी बरीच वर्षं आत काढून आलेले. अर्थात तिथं आधीचं वर्षभर युनियन मान्यतेवरून धुमसत होतं, एका भांडणाने एवढं होत नाही. पण आमच्या लाईनमधला कुठलाही माणूस विचारा, त्याला ती तारीख पाठ असते.

युनियन मान्यतेचा विषय निघालाच तर तो जरा नीट समजून घ्या, कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. युनियन रजिस्टर होणं वेगळं आणि कंपनीशी बोलायचा हक्क मिळणं वेगळं. मुंबईच्या गिरणी संपाचं मूळ दुखणं बऱ्याच अंशी हेच होतं. १८ जानेवारी १९८२ ला साधारण अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागं बाहेर पडले, पण १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्याप्रमाणं गिरण्यांशी बोलायचा अधिकार होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. म्हणजे कामगार ज्याला नेता मानत होते त्याच्याशी मालकांनी बोलायचं नाही आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्या मागं कामगार नाहीत. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, विरून गेला. बाकी महाराष्ट्रातल्या कारखान्यांना १९७१ चा एमआरटीयू-पल्प कायदा, म्हणजे युनियन मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांचा राज्याचा कायदा, त्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद लागायचे आणि आमची अख्खी पिढी त्यावरच वाढली. केंद्राच्या कोडात आता ५१ टक्क्यांचा निकष आहे, तेवढे कुणाकडंच नसतील तर किमान २० टक्केवाल्यांची मिळून वाटाघाटी परिषद. संपाला १४ दिवसांची नोटीस आता सगळ्यांनाच लागते आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकदम कॅज्युअल रजा टाकली तरी तो संपच धरायचा. ही शेवटची ओळ वाचून आमच्या कमिटीचा सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, मग आता यात्रेचं काय?" गंमतीत म्हणाला, पण मी तारखा लिहून घेतल्या.

पगारवाढीचा करार बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचा. युनियन मागणीपत्र देते, त्यात ३० हजार मागितलेले असतात, कंपनी ४ हजारावर सुरुवात करते आणि दोघांनाही माहीत असतं की साधारण कुठं थांबायचंय, तरी त्याला दहा-बारा महिने लागतात. मधे काळ्या फिती, गेट मीटिंग आणि सगळ्यात परिणामकारक म्हणजे कॅन्टीनवर बहिष्कार. कोणी जेवत नाही, काम मात्र करतात, कॅन्टीनमध्ये हजार पोळ्या तशाच पडून. करारावर सही कुठं झाली याला महत्त्व आहे. जुन्या कायद्याच्या कलमांच्या भाषेत "अठरा-एक" म्हणजे दोघांनी आपसात केलेला, तो सही करणाऱ्यांपुरता. "बारा-तीन" म्हणजे सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर केलेला, तो युनियनबाहेरच्या कामगारालाही लागू. कलमांचे नंबर कोडात बदलले, पण लोकांच्या तोंडात अजून बारा-तीनच आहे.

आणि ज्यांच्यासाठी मागणीपत्रच नसतं ती ठेकेदाराची माणसं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. एकाच लाईनवर शेजारशेजारी दोघं, तोच टॉर्क गन, तोच स्क्रू, एकाचा पगार दुसऱ्याच्या निम्मा, आणि टोपीचा रंग वेगळा म्हणजे लांबून पण कळावं. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी शेवटी मुख्य कंपनीवर येते, हे कायद्यात १९७० पासून आहे, तरी कित्येक ठिकाणी ठेकेदाराचे पीएफचे चलन कोणी उघडून बघत नाही. एका ठेकेदाराचं मी बघितलं तर यादीतली पंचवीस नावं कामावर होती आणि चलनात नव्हती. त्यातल्या एकानेही तक्रार केलेली नव्हती, कारण तक्रार केली की उद्या गेटवर पास बंद. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक असं मानणारा आयआरवाला लवकर फसतो. २० किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती लागते, दोन्ही बाजूंचे समान सदस्य, महिलांचं प्रमाण राखून, हे सगळं कागदावर असतंच. मला मात्र खरी माहिती मिळते ती रात्री साडेबाराच्या जेवणाला नाईट शिफ्टबरोबर बसल्यावर. पहिले दोन-तीन वेळा सगळे गप्प जेवतात, चौथ्यांदा कुणीतरी म्हणतं, डाळ पातळ असते साहेब, आणि त्याच्यानंतर बाकीचं निघतं.

हां, ती झोपेची केस. चौकशीत निघालं की त्या ऑपरेटरची सलग दुसरी शिफ्ट होती, सेकंड शिफ्ट करून त्याला नाईटला थांबवलं होतं, कारण लाईनला सहा खाडे होते, आणि थांबवणारा तोच सुपरवायझर. ओटीच्या रजिस्टरवर त्याचीच सही. झोपणं तरी सिद्ध झालं, ते त्याने पहिल्या दिवशीच कबूल केलेलं. मागचं रेकॉर्ड अकरा वर्षं कोरं. स्टँडिंग ऑर्डरमध्ये शिक्षा म्हणून चार दिवसांपर्यंत सस्पेन्शन आहे, त्यातले दोन दिवस दिले. सुपरवायझरला लेखी ताकीद आणि सलग दोन शिफ्ट लावायची परवानगी आता शॉप मॅनेजरच्या सहीशिवाय नाही. युनियनला दोन दिवस जास्त वाटले, प्लांट हेडना कमी. दोघंही अजून त्याच शॉपमध्ये आहेत, फक्त शिफ्ट वेगळी ठेवलीये.